इकिगाइ : एका बेटाची हकिकत

‘इकिगाइ’ हा जपानी शब्द आपल्या वाचकांना आता अपरिचित राहिलेला नाही. पुस्तकांच्या दुकानांत तो मराठी अक्षरांत छापलेला दिसतो, शाळांच्या स्नेहसंमेलनांत पाहुणे तो उच्चारतात, आणि चार वर्तुळे एकमेकांत अडकवून काढलेली एक आकृती त्याच्याबरोबर हटकून येते. तुम्हाला काय आवडते, तुम्हाला काय साधते, जगाला काय हवे आहे आणि पैसे कशाचे मिळतील, ही ती चार वर्तुळे. चारही जेथे एकमेकांवर पडतात तेथे म्हणे इकिगाइ. ही आकृती जपानी नव्हेच. ती मूळची स्पेनमधील एका ज्योतिष्याची. २०१४ साली मार्क विन नावाच्या गृहस्थाने तिच्या मध्यभागचा ‘हेतू’ काढून तेथे ‘इकिगाइ’ बसविला आणि ती जगभर फिरली. जपानी म्हातारीला तिच्या इकिगाइविषयी विचारावे, तर ती नातवाचे नाव सांगेल, किंवा दारातल्या कुंडीकडे बोट दाखवील. पैसे कशाचे मिळतील हा प्रश्न तिच्या मनातही येणार नाही.

परंतु या शब्दाची म्हातारीच्या कुंडीहून गंभीर अशी एक हकिकत आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९६६ साली मिसुझू या जपानी प्रकाशनसंस्थेने ‘इकिगाइ नी त्सुइते’, म्हणजे ‘इकिगाइविषयी’, हे पुस्तक काढले. लेखिका कामिया मिएको. (जपानी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी.) व्यवसायाने मनोविकारांच्या डॉक्टर. रोजच्या बोलण्यातला हा शब्द उचलून त्याचा मुळापासून विचार करणारे जपानमधील पहिले मोठे पुस्तक ते हेच. आणि ज्या माणसांच्या सहवासातून ते निघाले, ती यशस्वी माणसे नव्हती, की शंभरी गाठलेली सुखी माणसेही नव्हती. महारोगी म्हणून कायद्याने एका बेटावर कोंडून ठेवलेली ती माणसे होती. (आज आपण कुष्ठरोग म्हणतो, व तेच योग्य. परंतु त्या काळच्या लोकांच्या मनात जी धडकी होती ती जुन्या शब्दाशिवाय कळावयाची नाही, म्हणून येथे तो ठेवला आहे.)

शब्दाची फोड सोपी आहे. ‘इकि’ म्हणजे जगणे, आणि ‘काइ’ (जोडशब्दात ‘गाइ’) म्हणजे केल्याचे मोल, चीज. याच धर्तीवर जपानी भाषेत ‘हाताराकिगाइ’ आहे, म्हणजे राबल्याचे चीज. ‘यारिगाइ’ आहे, म्हणजे एखादी गोष्ट केल्याचे चीज. मराठीत आपण ‘सार्थक’ म्हणतो. पण आपले सार्थक बहुधा शेवटी होते. मुलगी चांगल्या घरी पडली, पंढरीची वारी घडली, की जन्माचे सार्थक झाले. इकिगाइ इतकी थांबत नाही. ती सकाळी उठताना असावी लागते. आज कशासाठी उठावयाचे, एवढाच तिचा प्रश्न; आणि नागाशिमा बेटावरच्या माणसाला तो रोज सकाळी पडत असे.

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात, ओकायामा प्रांताच्या किनाऱ्याला लागून, नागाशिमा आहे. किनाऱ्याला लागून म्हणजे किती, तर मधली खाडी अरुंद जागी अवघी तीस मीटर. पलीकडचा माणूस हाक मारील तर ऐकू यावी. १९३० साली येथे महारोग्यांसाठी जपानचे पहिले राष्ट्रीय आरोग्यधाम स्थापन झाले आणि त्याला नाव दिले ‘आइसेइएन’. अक्षरांचा अर्थ लावावयाचा तर प्रेम, जीवन आणि उद्यान. सरकारी नावे गोड असतात, मग देश कोणताही असो.

जपानमध्ये महारोग्यांविषयीचा पहिला कायदा १९०७ सालचा. तो मुख्यतः रस्त्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर भटकणाऱ्या रोग्यांपुरता होता. परदेशी पाहुण्यांच्या दृष्टीस ते पडू नयेत ही त्यामागची लाज. १९३१ च्या कायद्याने मात्र घरात, आपल्या माणसांत राहणाऱ्यांनाही उचलण्याची सोय झाली, आणि ‘आपला प्रांत महारोगमुक्त’ अशी चढाओढ प्रांताप्रांतांत लागली. शेजारी शेजाऱ्याची वर्दी देऊ लागला. रोग्याला नेल्यावर घर औषध फवारून पांढरे करीत, आणि मागे राहिलेल्या भावंडांची लग्ने मोडत. म्हणून बेटावर येणारा माणूस पुष्कळदा पहिली गोष्ट करी ती ही, की आपले नाव टाकून दुसरे घेई. घरच्यांवर डाग नको.

बोट लागे तो धक्काही वेगळा; कर्मचाऱ्यांचा निराळा, रोग्यांचा निराळा. उतरल्यावर जंतुनाशकाच्या पाण्यात आंघोळ. जवळचे पैसे काढून घेऊन त्यांच्या बदल्यात बेटापुरतीच चालणारी नाणी हातावर ठेवीत, कारण खरे पैसे असले तर माणूस पळून जाईल. शेतीपासून बांधकामापर्यंत, अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषेपासून मेलेल्यांना अग्नी देण्यापर्यंतची कामे रोगीच करीत. लग्न करावयाचे असेल तर पुरुषाने आधी नसबंदी करून घ्यावी, असा दंडक होता. गुन्हा केला, वा नुसता शब्द केला, तरी टाकावयास कोठडी होती. या सर्व व्यवस्थेचे प्रमुख डॉक्टर मित्सुदा केन्सुके. आयुष्यभर त्यांनी दुसरे काही केले नाही. रोग्यांना जमवावे, सांभाळावे, आणि बाहेर सोडू नये. रोग्यांपैकी कित्येक त्यांना बाप म्हणत. कित्येक काय म्हणत ते छापले जात नसे. १९३६ साली जागेहून कितीतरी अधिक माणसे कोंबल्यामुळे रोग्यांनी कामे टाकून उपोषण आरंभिले, त्याचा गवगवा देशभर झाला, आणि हाती थोडा कारभार आला, तेवढेच.

अशा ठिकाणी आकाशी काइजिन नावाचा एक माणूस १९३२ साली आला. मूळचा प्राथमिक शाळेचा शिक्षक. हे नाव अर्थात घेतलेले. बायको-मुली मागे राहिल्या. बेटावर तो कविता लिहू लागला, एकतीस अक्षरांची जुनी जपानी ‘तांका’. १९३६ च्या सुमारास दृष्टी गेली. पुढे श्वास कोंडू लागला म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडले आणि आवाज गेला. तरीही शेजारच्या रोग्यांच्या मदतीने एकेक अक्षर उतरवून घेणे चालू राहिले. १९३९ च्या आरंभी त्याचा ‘हाकुब्यो’ हा संग्रह निघाला. देशभर तो हातोहात खपला. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कवी वारला. मी शिक्षक आहे, म्हणून असेल कदाचित, पण मला त्या कवितांच्या कीर्तीपेक्षा त्या उतरवून घेणाऱ्यांचे अधिक वाटते. ज्यांची स्वतःची बोटे धड नव्हती, त्यांनी त्याचा ओठ हलताना पाहून अक्षरे लिहिली.

कामियाबाईंचे घर या जगापासून फार दूरचे. १९१४ साली ओकायामा येथेच जन्म. वडील माएदा तामोन मोठे अधिकारी, पुढे युद्ध संपल्यावर शिक्षणमंत्री झाले. बालपण काही काळ जिनिव्हात गेले, त्यामुळे फ्रेंच मातृभाषेसारखी. एकोणिसाव्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यांचे धर्मोपदेशक मामा तोक्योजवळच्या ‘तामा झेन्शोएन’ या महारोग्यांच्या वसतीत प्रवचनाला निघाले असता भाचीला बाजाची पेटी वाजविण्यासाठी घेऊन गेले. समोर जे चेहरे दिसले त्यांनी त्या मुलीचे आयुष्य बदलले. डॉक्टर होऊन येथेच यावयाचे असे तिने ठरविले; घरच्यांनी ठरू दिले नाही. मग १९३५ मध्ये तिला स्वतःलाच क्षय झाला. त्या काळी क्षय म्हणजे बहुतेक मरणच. कारुइझावाच्या डोंगरात एकटी पडून तिने ग्रीक भाषा शिकण्यास घेतली, आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचे चिंतन मुळातून वाचले. पुढे त्याचे जपानी भाषांतरही केले. क्षयातून ती उठली. वडिलांचा विरोध मावळल्यावर वैद्यकाच्या शाळेत गेली. १९४३ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थिनी असतानाच, काही दिवस आइसेइएनमध्ये राहून आली. आणि मग पुन्हा युद्ध, घर, संसार, दोन मुलगे, शिकवण्या. बाईमाणसाचे ठरलेले काम किती वर्षे पुढे ढकलले जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. १९५५ साली कर्करोगाने डोके काढले, तो वेळीच सापडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्रेचाळिसाव्या वर्षी, कामियाबाई नागाशिमाच्या बोटीत बसल्या.

तोवर एक मोठी गोष्ट घडून गेली होती. महारोगाला औषध सापडले होते. अमेरिकेत गुण दिलेले ‘प्रोमिन’ हे औषध युद्धानंतर दोन-तीन वर्षांत जपानमध्ये आले आणि रोगी बरे होऊ लागले. शरीरातले जंतू गेले; तरी बोट परतीला कोणाला घेईना. १९५१ साली तज्ज्ञ म्हणून संसदेच्या समितीपुढे गेलेल्या मित्सुदांनी कोंडवाडा ढिला नको, अधिक आवळा, असेच सांगितले; त्याच वर्षी त्यांना संस्कृतिपदक मिळाले. रोग्यांनी देशभरच्या वसतींची आपली संघटना केली, तोक्योस जाऊन संसदेच्या दाराशी ठाण मांडले. तरीही १९५३ साली नवा कायदा झाला तो जुन्याच्याच वळणाचा. त्यात माणसाला आणण्याची कलमे होती. बरा झाल्यावर सोडण्याचे कलम नव्हते.

तेव्हा कामियाबाईंच्या पुढे जे बसले होते त्यांची स्थिती विलक्षण होती. मरत नव्हते, दुखतही फारसे नव्हते, खावयास मिळत होते. आणि दिवस जात नव्हता. त्यांच्या प्रश्नावलीला पुष्कळांनी उत्तरे दिली ती अशाच अर्थाची: कंटाळा, पुढे काही नाही, कशालाच अर्थ नाही. पण त्याच वसतीत, तोच रोग, तेच छप्पर, तोच समुद्र असताना काही थोडी माणसे उल्हासाने जगताना त्यांना दिसली. हे कसे? सारे पुस्तक या एका प्रश्नातून उभे राहिले आहे.

त्यांनी प्रथम एक महत्त्वाचा भेद केला. इकिगाइ ज्या वस्तूत किंवा माणसात असते ती एक. आणि इकिगाइ आहे असे आतून वाटणे, ते निराळे. नातू हा पहिला प्रकार. नातवाच्या पावलांचा आवाज ऐकून छातीत होणारी हालचाल हा दुसरा. वस्तू जाते तेव्हा वाटणेही मरते का, हा त्यांचा शोध. आणि माणसाला कशाची भूक असते म्हणून इकिगाइ लागते, त्याच्या त्यांनी सात परी सांगितल्या. जगणे भरलेले वाटावे, त्यात बदल असावा, पुढे काही आहे असे दिसावे, आपल्या असण्याला कोणाकडून तरी ओ यावी, मोकळीक असावी, आपल्यात जे आहे ते फुलावे, आणि या सर्वाला काही अर्थ, काही मोल आहे असे वाटावे.

ही यादी मानसशास्त्राची म्हणून वाचतात. नागाशिमाची हकिकत डोळ्यांपुढे ठेवून वाचली की ती मला निराळीच दिसू लागते. बदल: तोच धक्का, तीच घंटा, तीस वर्षे. पुढचे काही: कायद्यात सुटकेचे कलमच नाही. ओ: घरून पत्र येत नाही, आणि आले तर खोट्या नावाने. मोकळीक: बेटाबाहेर पाऊल टाकावयास परवानगी, आणि नाही पाळली तर कोठडी. म्हणजे माणसाला जगावयास जे लागते, त्यातले एकेक कायद्याने वेचून काढून घेतले होते. हे सरकारवरचे आरोपपत्रच झाले. फक्त ते त्या नावाने लिहिलेले नाही.

बेटावर १९५५ साली एक शाळा निघाली. महारोगी मुलांसाठी जपानमधील ते एकुलते एक हायस्कूल. किनाऱ्यावरच्या ओकु हायस्कुलाची ती शाखा, शिक्षणक्रम चार वर्षांचा. देशातल्या सर्व वसतींतून मुले परीक्षा देऊन येथे येत. बेटावर येणारी ती मुले, परंतु त्यांच्या दृष्टीने हा बेटाबाहेरचा पहिला दरवाजा होता. शिक्षक पांढरे झगे घालून शिकवीत. शिक्षकांच्या खोलीत विद्यार्थ्याने पाऊल टाकावयाचे नाही. अडचण विचारावयाची असेल तर बाहेरची घंटा दाबावी, मग शिक्षक बाहेर येतील. गणितात अडलेला मुलगा घंटा दाबून दूर उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जन्मभर ज्या धंद्यात मी काढली, त्यात मुलगा वही घेऊन अंगावर येऊन उभा राहिला नाही तर शिकवावयाचे कसे? तरीही शाळा बंद होईपर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, तीनशेहून अधिक मुले तेथून उत्तीर्ण झाली, आणि त्यांतली पुष्कळशी बाहेरच्या जगात गेली. शिकून निघता येते हे दिसल्याबरोबर मुलांनी घंटेचा अपमान गिळला. सात भुकांपैकी एक जरी भागली तरी माणूस उरलेल्या सहांची कळ किती सोसतो, ते यावरून दिसावे.

दुसरी गोष्ट कोंदो कोइची यांची. ते लहानपणीच बेटावर आलेले. पुढे दृष्टी गेली, बोटांची जाणीवही गेली. आंधळ्यांची ब्रेल लिपी बोटांनी वाचावयाची; बोटेच बधिर, तर वाचणार कशाने? महारोगाने जिभेची जाणीव शाबूत ठेवली होती. कोंदोंनी व त्यांच्यासारख्या इतरांनी ब्रेलचे उठाव जिभेने व ओठांनी वाचावयास घेतले. प्रथम जीभ सोलून निघे, कागदावर रक्ताचे डाग पडत. हे कष्ट होते ते स्वरलिपी वाचता यावी म्हणून. १९५३ साली त्यांनी आंधळ्या सोबत्यांचे एक हार्मोनिका-पथक उभे केले होते, त्याचे नाव ‘निळा पक्षी’. या पथकाने पुढे बेटाबाहेर जाऊनही कार्यक्रम केले. आता येथे चार वर्तुळे काढून पाहावीत. यातून पैसे कशाचे?

कामियाबाई पुढे आइसेइएनच्या मनोविकार विभागाच्या प्रमुख झाल्या. प्रकृतीने साथ सोडल्यावर १९७२ मध्ये त्यांनी बेट सोडले व १९७९ मध्ये त्या वारल्या. जपानमध्ये त्यांच्याविषयी भक्तिभावाने बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु कठोर बोलणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारण्याजोगे नाही. ते म्हणतात: मित्सुदांविषयी या बाईंना आदर होता, तो त्यांनी लिहूनही ठेवला. बेटावरच्या माणसाने अर्थ कसा शोधावा हे त्यांनी सांगितले. बेटाला कुलूप का, हे त्यांनी हट्टाने विचारले नाही. कोंडलेल्या माणसाच्या मनाची मशागत केली की कोंडणाऱ्याचे काम सोपे होते.

या संदर्भात व्हिक्टर फ्रांकल आठवतात. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत आलेले हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे पुस्तक मिसुझूनेच १९५६ मध्ये जपानीत आणले होते. प्रश्न दोघांचाही एकच. पण फ्रांकल तारेच्या आत होते. कामियाबाई संध्याकाळच्या बोटीने परत जाऊ शकत. हा फरक त्यांनाही जाणवत होता. पहिल्या भेटीपासून आपण बाहेर व ही माणसे आत, हे असे का, याने त्या अस्वस्थ होत्या. मला असे वाटते की त्या अस्वस्थतेला त्यांनी धर्माचे व मनाचे उत्तर शोधले. ती कायद्याच्या दिशेने वळली असती तर बरे झाले असते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण प्रामाणिक माणसालाही कुलूप दिसेनासे होते, ते रोज पाहून.

आपल्याकडचा वाचक येथे वरोऱ्याच्या आनंदवनाची आठवण काढील. बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली ती १९४९ ची, म्हणजे काळ तोच. तेथेही बोटे झडलेल्या माणसांनी जमीन फोडली, विहिरी खणल्या. पण नागाशिमावर राबणारा रोगी आणि आनंदवनात राबणारा रोगी यांत अंतर आहे. एकाचे काम दुसऱ्याने नेमून दिलेले, पैसे बेटापुरते. दुसऱ्याचे पीक बाजारात जात होते. काम तेच असले तरी ओ कोठून येते यावर सगळे अवलंबून.

इतिहासाने पुढे नागाशिमाची बाजू आपल्या रीतीने निकालात काढली. बेटाला पूल हवा म्हणून रहिवाशांनी दीड दशकाहून अधिक काळ अर्ज-विनंत्या केल्या, आणि तीस मीटरच्या त्या खाडीवर १९८८ साली पूल झाला. जपानी लोक त्याला माणूसपण परत मिळविणारा पूल म्हणतात. १९९६ साली कायदा रद्द झाला. १९९८ मध्ये दक्षिणेकडच्या वसतींतील तेरा जणांनी सरकारवर कुमामोतोच्या न्यायालयात दावा लावला. पुष्कळ सोबत्यांनी त्यांना परावृत्त केले; म्हातारपणी जे दोन घास मिळताहेत तेही जातील, हे भय. ११ मे २००१ रोजी निकाल लागला. सक्तीने कोंडणे हे राज्यघटनेविरुद्ध होते, आणि निदान १९६० पासून तरी त्याची काहीही गरज उरली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने अपील केले नाही. २०१९ साली रोग्यांच्या कुटुंबीयांच्या बाजूनेही निकाल झाला.

१९६० हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कामियाबाईंचे पुस्तक निघाले ते त्यानंतर सहा वर्षांनी. म्हणजे ज्यांच्या मुखातून इकिगाइचे हे शास्त्र उतरले त्यांतले पुष्कळजण पुस्तक छापले जात असताना घरी जाऊ शकत होते. त्यांना जाऊ दिले नव्हते इतकेच. आणि हेही तितकेच खरे की, त्याच माणसांतल्या काहींना न्याय मिळेपर्यंत, किंवा न मिळताही, रोज सकाळी उठण्याला काही कारण होते. जिभेने वाचावयाची स्वरलिपी होती. सांगून उतरवावयाची कविता होती. संघटनेची पत्रके होती. तोक्योत संसदेच्या दाराशी बसलेल्या रोग्याची इकिगाइ त्या पुस्तकात यावी तशी आली नाही, पण माझ्या मते ती सर्वांत पक्की होती. त्याला पुढचे काही दिसत होते.

आज आइसेइएनमध्ये शंभराहून कमी माणसे उरली आहेत, बहुतेक ऐंशीच्या पुढची. रोग कोणालाच नाही. पुलावरून बस येते. जुन्या कचेरीत संग्रहालय केले आहे. सहलीला आलेली शाळकरी मुले तेथून टेकडीवरच्या अस्थिगृहाकडे जातात. तेथे साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या अस्थी आहेत. घरच्यांनी येऊन नेल्या अशा थोड्या. उरलेल्यांपैकी कित्येकांवर अजून तेच नाव आहे, जे धक्क्यावर उतरताना घेतले होते.